कैफियत आणि प्रतिदावा : समन्स आलेल्या शेतकऱ्यानें काय मागावें

जुन्नर किंवा घोडेगांवच्या दिवाणी कोर्टाचें समन्स हातीं पडलें कीं आपल्या शेतकरी बंधूंपैकीं बहुतेकांच्या मनांत एकच विचार येतो, तो हा कीं आपल्यावर आलेला दावा कसा उडवून लावावा. विचार स्वाभाविक आहे. पण तो अर्धा आहे. ज्या शेजाऱ्यानें, भाऊबंदानें किंवा व्यापाऱ्यानें दावा लाविला त्याच्याकडे पुष्कळदां आपलेंहि कांहीं येणें असतें. बांधाचे चार-सहा गुंठे त्यानें नांगरून घेतलेले असतात, सामाईक विहिरीवरील पाण्याची पाळी अडविलेली असते, मालाची पट्टी थकविलेली असते. त्याचा दावा उडाला म्हणजे हें सर्व आपोआप आपल्या पदरीं येईल अशी समजूत आमच्या पाहण्यांत फार आली. ती समजूत खरी नाहीं, आणि तिच्यापायीं हक्काची जमीन कायमची जाऊं शकते. म्हणून प्रतिवादीस स्वतःचें मागणें मांडण्यासाठीं दिवाणी कायद्यानें जी वाट ठेविली आहे तिजविषयीं येथें लिहीत आहोंत. आम्ही वकील नव्हे. आमची नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. परंतु कोर्टाच्या निकालाच्या नकला घेऊन लोक शेवटीं यावयाचे ते आमच्यासारख्या कारकुनाच्या मेजापाशींच, आणि त्या नकलेनें काय मिळतें व काय मिळत नाहीं हें आम्हांस वारंवार सांगावें लागे.

प्रथम एक कल्पित उदाहरण घेऊं. मीना नदीच्या कांठीं दोन खातेदार एकमेकांस लागून आहेत. एकास वरचा म्हणूं, दुसऱ्यास खालचा. धरणाचें पाणी येण्यापूर्वीं बांधाकडेची पट्टी दोघांसहि बाजरीपुरतीच होती, तेव्हां हातभर इकडे-तिकडे कोणी पाहत नसे. पाणी आल्यावर तेथेंच कांदा आणि ऊंस उभा राहूं लागला व गुंठ्यागुंठ्यास मोल आलें. वरच्यानें दरसाल नांगर थोडथोडा खालीं सरकवीत सहा गुंठे आपल्या शेतांत घेतले. खालच्यानें एके दिवशीं मजूर लावून जुन्या जागीं बांध घालण्यास आरंभ केला, तेव्हां वरच्यानेंच कोर्ट गांठलें आणि आपल्या वहिवाटीस प्रतिवादी हरकत करितो, सबब त्यास निरंतरची मनाई व्हावी, असा दावा लाविला. खालच्यानें कैफियत दिली. सहा गुंठे माझे आहेत, वादीनें ते बळकाविले आहेत, तरी वादीचा दावा खर्चासह काढून टाकावा, असें तींत लिहिलें. साक्षीपुरावे झाले, पांच-सहा वर्षें गेलीं, आणि कोर्टानें वादीचा दावा काढून टाकिला. खालच्यानें पेढे वांटले. पुढच्या मृगांत वरच्याचा नांगर त्याच सहा गुंठ्यांत फिरत होता.

यांत कोर्टाचें कांहीं चुकलें नाहीं. वरच्यानें मागितलेली मनाई द्यावी कीं न द्यावी एवढाच प्रश्न कोर्टापुढें होता, आणि ती देऊं नये असें ठरलें. खालच्यास सहा गुंठ्यांचा कबजा द्यावा अशी मागणी कोणीं केलीच नव्हती, व न मागितलेलें कोर्ट देत नाहीं. दावा काढून टाकिल्याच्या हुकूमनाम्यांत खर्चाच्या रकमेखेरीज बजावण्यासारखें कांहीं नसतें. म्हणून त्यावर कबजाची दरखास्तहि चालत नाहीं. अशा नकला घेऊन लोक कचेरींत येत आणि कोर्टानें जमीन आम्हांस दिली, आतां कबजा देववा, असें म्हणत. नक्कल उलगडून शेवटचा परिच्छेद पाहावा, तर त्यांत दावा रद्द, एवढेंच. ज्या पानांवर त्यांच्या मालकीविषयीं चांगलें लिहिलेलें असे तीं पानें ते बोटानें दाखवीत; पण अंमल व्हावयाचा तो शेवटच्या हुकुमाचा.

आतां खालच्यानें स्वतःचा दावा लावावा, असें कोणी म्हणेल. लावतां येईल, परंतु मुदत पाहिली पाहिजे. मालकीच्या आधारानें जमिनीचा कबजा मागण्यास १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें बारा वर्षें मिळतात, आणि समोरच्याचा कबजा आपल्या हक्काविरुद्ध झाला त्या दिवसापासून तीं मोजूं लागतात. वरच्याचा दावा चालूं असतां गेलेलीं वर्षें त्यांतून वजा होत नाहींत. आम्ही दुसऱ्याच्या दाव्यांत भांडत होतों, ही सबब तेथें ऐकिली जात नाहीं. दावा लागला तेव्हां अतिक्रमणास आठ वर्षें झालीं असतील, तर निकाल लागेपर्यंत तीं चौदा होतात. आणि जमिनीच्या बाबतींत मुदत संपली म्हणजे नुसता दावा बुडतो असें नव्हे, मूळ हक्कच संपुष्टांत येतो, असें त्याच कायद्याचें कलम २७ सांगतें. पहिल्या दाव्यांत जिंकलेला माणूस अशा रीतीनें जमिनीस मुकूं शकतो.

हें टाळण्याची जी वाट तिचें नांव प्रतिदावा. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेंत मुळांत ही वाट स्पष्ट आंखलेली नव्हती. आठव्या आदेशाच्या सहाव्या नियमांत वजावटीची, म्हणजे मुजराईची, तरतूद तेवढी होती, व ती पैशाच्या दाव्यापुरती. बाकीच्या मागण्यांसाठीं प्रतिवादीनें वेगळा उलट दावा लावावा असा सर्वसाधारण रिवाज असे. कांहीं प्रकरणीं न्यायालयें कैफियतींतील मागणीसच उलट दाव्याची फिर्याद समजून चालवीत, पण तें त्यांच्या मर्जीवर होतें. १९७६ च्या दुरुस्तीनें त्या सहाव्या नियमापुढें सात नवे नियम घालण्यांत आले आणि ते १ फेब्रुवारी १९७७ पासून लागू झाले. तेव्हांपासून प्रतिदाव्यास कायद्यांत स्वतःचें घर मिळालें.

कल्पना मात्र आपल्या देशास नवी नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतींत असा दंडक आहे कीं आपल्यावरील अभियोगाचें निवारण केल्यावांचून फिर्यादीवर उलट अभियोग करूं नये; अपवाद फक्त कलह आणि साहस, म्हणजे भांडण-मारामारी व बळजोरी, यांचा. मराठी राज्यांतील वतनाच्या तंट्यांत चाल निराळी पडली. तेथें प्रथम दाद मागणारा तो अग्रवादी व उत्तर देणारा तो पश्चिमवादी. दोघांच्याहि तकरिरी लिहून घेत, दोघांकडूनहि राजीनामे व जामीन घेत, आणि गोत बसे. पाटिलकीचा वाद असला तर दोघेहि वतन आपलेंच म्हणून सांगत, आणि ज्याचें खरें ठरे त्याच्या हातीं महजर पडे. जिंकणारा सरकारांत हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी. पश्चिमवादी खरा ठरला तर त्यास वतनासाठीं पुन्हां अग्रवादी होऊन यावें लागत नसे. वाद दोघांचा, निवाडा एक, हें तत्त्व त्यांत होतें.

इंग्रजी अमलांत याच जिल्ह्याच्या शेतकऱ्यांस दुसरा एक अनुभव आला. १८७५ सालीं सुपें येथून सावकारांविरुद्ध दंगे उसळले. त्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू होता. त्या कायद्यानें कोर्टावर असें बंधन घातलें कीं सावकाराचा दावा आला तर खत काय म्हणतें एवढ्यावर न थांबतां व्यवहाराच्या आरंभापासूनचा हिशेब काढावा, मुद्दल निराळें, व्याज निराळें मांडावें. शेतकऱ्यास स्वतःहून हिशेबाचा दावा लावण्याचीहि मोकळीक होती. लिहितां-वाचतां न येणाऱ्या कुणब्याच्या वतीनें कोर्टच खोदून पाही असें म्हणतां येईल. तो कायदा आतां राहिला नाहीं. आजच्या रीतींत कोर्ट आपल्यासाठीं खोदून पाहत नाहीं. ज्याचें मागणें त्यानेंच, वेळेवर, लेखी मांडावयाचें.

नव्या नियमांप्रमाणें प्रतिवादीस वादीकडून जें कांहीं कायदेशीर रीतीनें मिळावयाचें असेल, मग तो जमिनीचा कबजा असो, मनाई असो, नुकसानभरपाई असो कीं हक्काचा ठराव असो, तें त्यास त्याच दाव्यांत मागतां येतें. वादीनें ज्या कारणावरून दावा आणिला त्याच कारणाशीं हें मागणें जुळलेलें असावें असेंहि बंधन नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं ही गोष्ट स्पष्ट केली आहे. वादी वाटेसाठीं भांडत असेल तर प्रतिवादीस विहिरीच्या पाण्यासाठीं मागतां येतें. मात्र मागण्याचें कारण कैफियत देण्यापूर्वीं, किंवा ती देण्याची मुदत संपण्यापूर्वीं, घडलेलें असलें पाहिजे. कैफियत दिल्यानंतर व ती मुदतहि उलटल्यावर वादीनें पाट फोडला, तर त्यासाठीं वेगळा दावा करावा लागेल. तसेंच मागण्याची किंमत त्या कोर्टाच्या अधिकाराच्या मर्यादेबाहेर जातां कामा नये.

प्रतिदावा ही नांवाला कैफियतींत असली तरी गुणानें फिर्याद आहे. फिर्यादीस जे नियम तेच तिला. कोर्ट फी द्यावी लागते. पुष्कळ लोक येथेंच कचरतात व वकिलास सांगतात कीं तूर्त नुसतें उत्तर द्या, स्टँपाचा खर्च नको. शेतजमिनीच्या कबजाच्या दाव्यांत मूल्य बाजारभावानें नव्हे, तर आकाराच्या ठराविक पटीनें धरण्याची रीत आहे, आणि आपल्याकडील आकार रुपया-पैशांत असतात, हें त्यांस कोणीं सांगितलेलें नसतें. सहा गुंठ्यांच्या कबजाची फी किती होईल हें आधीं विचारावें, मग खर्चाची भीति बाळगावी.

जमिनीचें वर्णन हा दुसरा मुद्दा, आणि येथें आम्ही थोडे रेंगाळणार आहोंत, कारण हा आमच्या दप्तराचा विषय. वादीनें माझे सहा गुंठे बळकाविले, एवढें लिहून प्रतिदावा उभा राहत नाहीं. कोणत्या गटांतले सहा गुंठे, कोणत्या बाजूचे, लांबी-रुंदी किती, चतुःसीमा काय, हें सांगावें लागतें. कारण उद्यां हुकूमनामा झाला तर बेलिफानें शेतांत जाऊन कबजा द्यावयाचा तो याच वर्णनावरून. आपले लोक सातबारा पुढें करितात. सातबारा क्षेत्र सांगतो, जागा सांगत नाहीं. दोन शेजाऱ्यांचे सातबारे अगदीं बरोबर असून बांध चुकीच्या जागीं असूं शकतो. शिवाय सातबाऱ्यावरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरावी एवढेंच जमीन महसूल संहितेचें कलम १५७ म्हणतें. ती मालकीचें खत नव्हे. जागा सांगतो तो मोजणीचा नकाशा. आपल्याकडे एकत्रीकरणाच्या वेळीं जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि कित्येक बांधांचे तंटे त्या फेरबदलांतून निघालेले आहेत. तेव्हां जुन्या सर्व्हे नंबराचा उतारा, गटाचा उतारा, एकत्रीकरणाच्या पत्रकाची नक्कल व भूमि अभिलेख कचेरीचा हद्दीचा नकाशा, हे कागद समन्स येतांच काढावयास घालावे. नकला मिळण्यास दिवस लागतात आणि कैफियतीची मुदत थोडी असते. खाजगी मोजणीवर भिस्त ठेवूं नये. समोरचा मोजणी मान्य करीत नसेल तर कोर्ट कमिशनर म्हणून सरकारी मोजणीदार नेमावा असा अर्ज कोर्टापुढें करितां येतो, व हद्दीच्या वादांत तोच मार्ग सुरक्षित आहे.

मुदतीचा हिशेब असा. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यावी. कोर्टानें कारणें लिहून वाढवून दिली तर ९० दिवसांपर्यंत. प्रतिदावा कैफियतीबरोबरच द्यावा हें उत्तम. कैफियत देऊन झाल्यावर तो मुळींच देतां येत नाहीं असें नाहीं. २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठानें यावर विचार केला, आणि उशिराचें कारण वगैरे पाहून कोर्टास तो घेतां येईल, परंतु दाव्याचे मुद्दे निघाल्यानंतर नव्हे, असें बहुमतानें ठरविलें. मुद्दे कधीं निघतील हें पक्षकाराच्या हातीं नसतें. म्हणून उशिराच्या सवलतीवर विसंबून राहणारा माणूस दुसऱ्याच्या घड्याळावर चालतो.

याहून नाजूक गोष्ट ही कीं प्रतिदावा कोणत्या दिवशीं दाखल झाला असें कायदा धरतो. पुष्कळांस वाटतें कीं आपला प्रतिदावा वादीच्या दाव्यांतच असल्यामुळें त्याचाच दिवस आपणांसहि मिळेल. तसें नाहीं. मुदतीच्या कायद्याचें कलम ३ असें सांगतें कीं वजावट ही वादीच्या दाव्याच्या तारखेस मागितली असें समजावें, आणि प्रतिदावा मात्र तो कोर्टांत प्रत्यक्ष दिला त्या तारखेस. एका कायद्याच्या एकाच कलमांत दोन सख्ख्या भावांस ही वेगळी वागणूक आहे, आणि तिच्यावर पैशाचीं प्रकरणें तरतात किंवा बुडतात.

उदाहरणार्थ, एका व्यापाऱ्यानें टोमॅटोच्या लागवडीसाठीं दिलेल्या उचलीपैकीं ८०,००० रुपये राहिले म्हणून शेतकऱ्यावर १२ मे २०२५ रोजीं दावा लाविला असें धरूं. त्याच शेतकऱ्यानें त्याच व्यापाऱ्यास विकलेल्या कांद्याचे ५०,००० रुपये १० जून २०२२ पासून येणें होते. पैशाची मुदत तीन वर्षांची, म्हणजे ती १० जून २०२५ ला संपली. समन्स जुलैंत आलें, कैफियत ऑगस्टांत गेली. आतां हे ५०,००० प्रतिदावा म्हणून मागितले तर ऑगस्टची तारीख लागून मुदतीबाहेर जातात. वजावट म्हणून मागितले तर १२ मे ही तारीख लागून ते वांचतात. पैसा तोच, माणूस तोच, फरक मांडणीचा.

पण वजावटीच्या अटी कडक आहेत. वादीचा दावा पैशाचा असला पाहिजे. आपली रक्कमहि ठरलेली, पट्टीवर किंवा खात्यावर आंकड्यांत आलेली, असली पाहिजे. व्यापाऱ्यानें दिलेलीं रोपें रोगट निघालीं, त्यामुळें पीक बुडालें, ही नुकसानी ठरलेली रक्कम नव्हे. ती किती हें कोर्टानेंच ठरवावयाचें, तेव्हां ती प्रतिदाव्यानें मागावी लागते. (ज्या व्यवहाराबद्दल वादीचा दावा आहे त्याच व्यवहारांतली नुकसानी असेल तर न्यायालयें न्यायबुद्धीनें वजावट देतात, पण तो हक्क म्हणून धरूं नये.) आणि तिसरी अट, दोन्ही देण्यांत माणसें त्याच नात्यानें उभीं असावीं. व्यापारी आपल्या मयत भावाच्या इस्टेटीचा व्यवस्थापक म्हणून दावा करीत असेल, तर त्याच्याकडील स्वतःचें येणें त्यांत वळतें करून घेतां येत नाहीं. वजावट पहिल्याच सुनावणीस, कैफियतीसह, मांडावयाची. मागाहून कोर्टाची परवानगी लागते.

प्रतिदावा दाखल झाला म्हणजे वादीची स्थिति पालटते. त्यास प्रतिदाव्यापुरतें प्रतिवादी होऊन उत्तर द्यावें लागतें. न दिल्यास कोर्टास त्याच्याविरुद्ध निकाल देतां येतो. प्रतिदावा या दाव्यांत चालवूं नये, वेगळा दावा करावा, अशी हरकत त्यास घेतां येते, व तीवर कोर्ट योग्य तो हुकूम करितें. परंतु सर्वांत उपयोगाचा नियम असा कीं वादीनें आपला दावा काढून घेतला, तो स्थगित झाला किंवा गैरहजेरीनें निघाला, तरी प्रतिदावा चालूं राहतो. ज्यानें दावा केवळ शेजाऱ्यास जेरीस आणण्यासाठीं लाविलेला असतो, तो आपलेंच पितळ उघडें पडतें असें पाहून दावा मागें घेण्यास धांवतो. नुसती कैफियत देणारा प्रतिवादी त्या दिवशीं घरीं जातो, आणि प्रतिदावा देणारा कोर्टांत उभाच राहतो. शेवटीं दोघांचेंहि कांहीं कांहीं येणें निघालें, तर रकमांची वजाबाकी होऊन ज्याची शिल्लक त्यास ती मिळते.

प्रतिदावा सक्तीचा नाहीं हेंहि सांगितलें पाहिजे. वेगळा दावा लावण्याचा हक्क प्रतिवादीस राहतोच, आणि कांहीं वेळां तेंच शहाणपणाचें असतें. उदाहरणार्थ, आपल्या मागण्यांत वादीखेरीज तिसरीं माणसें गुंतलेलीं असतील तेव्हां. पण दोन दावे झाले म्हणजे दोन निकाल, दोन हुकूमनामे, आणि हरल्यास दोन अपिलें. एकाच हद्दीबद्दलच्या दोन निकालांपैकीं एकावरच अपील केलें व दुसरा तसाच कायम झाला, तर तो कायम झालेला निकाल अपिलाच्याहि आड येतो. खर्च वांचविण्यासाठीं एकाच निकालावर अपील करण्याची जी बुद्धि होते ती अशा रीतीनें महागांत पडते.

आतां भाऊबंदकीचा प्रश्न. तिऱ्हाइतानें दोघां भावांवर मिळून दावा लाविला, आणि धाकट्यास वाटलें कीं याच दाव्यांत थोरल्याकडूनहि आपला हिशेब उगवून घ्यावा. अमेरिकेंतील न्यायालयांत सहप्रतिवाद्यांनीं एकमेकांवर असा आडवा दावा करण्याची रीत आहे. आपल्या संहितेंत ती नाहीं. प्रतिदाव्याचें तोंड वादीकडेच असलें पाहिजे; सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं बिहारमधील एका प्रकरणांत स्पष्ट सांगितलें कीं केवळ सहप्रतिवाद्याविरुद्ध प्रतिदावा चालत नाहीं. वादीविरुद्ध मागणें असून त्याच्या ओघांत सहप्रतिवादीहि येत असेल तर गोष्ट निराळी. धाकट्यास थोरल्यावर स्वतंत्र दावा लावावा लागेल.

वांटपाचा दावा याला अपवाद आहे, किंबहुना तो निराळ्याच जातीचा दावा आहे. त्यांत प्रत्येक हिस्सेदार वादीहि असतो व प्रतिवादीहि असतो. एका भावानें वांटप मागितलें असतां बाकीच्या भाऊ-बहिणींस आपापला हिस्सा वेगळा काढून मागण्यास प्रतिदाव्याची जरूर नाहीं. कैफियतींत तसें लिहून आपल्या हिश्श्याची कोर्ट फी भरली म्हणजे पुरे. तरी कित्येक घरांत बहिणी समन्स घेऊन स्वस्थ बसतात, कारण भाऊ म्हणतो कीं तुम्हांस कांहीं करावयास नको, आम्ही पाहूं. हिस्सा सोडावयाचा कीं घ्यावयाचा हें बहिणीनें ठरवावें. पण सोडावयाचा असला तरी तो जाणून सोडावा, न बोलल्यामुळें जाऊं देऊं नये.

कचेरीसंबंधानें दोन शब्द. वाट किंवा पाट अडविल्याची तक्रार तहसीलदाराकडे १९०६ च्या मामलेदार कोर्टाच्या कायद्याखालीं सहा महिन्यांचे आंत करितां येते, आणि बांधावरून वाट मागण्याचा अर्ज जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणें होतो. हीं कामें लवकर निघतात म्हणून लोकांचा ओढा तिकडे असतो. पण तेथें मालकीचा निवाडा होत नाहीं. कलम १४३ खालील निर्णय ज्यास मान्य नाहीं त्यानें एक वर्षाचे आंत दिवाणी दावा लावावयाचा असतो. असा दावा शेजाऱ्यानें लाविला तर तहसीलदाराचा हुकूम आपल्या बाजूचा आहे म्हणून निर्धास्त राहूं नये, वाटेचा हक्क ठरवून मिळावा असें त्याच दाव्यांत प्रतिदाव्यानें मागावें. उलट एक गोष्ट अशी आहे कीं ती दिवाणी कोर्टांत मागून उपयोग नाहीं, ती म्हणजे कुळाचा हक्क. मी कूळ आहें कीं नाहीं हा प्रश्न दिवाणी दाव्यांत निघाला, तर १९४८ च्या कूळकायद्याचें कलम ८५-अ कोर्टास दावा थांबवून तो प्रश्न तहसीलदाराकडे पाठविण्यास सांगतें, आणि तेथून उत्तर येईपर्यंत दावा जागच्या जागीं राहतो. दोन्ही तालुक्यांतील जुन्या कुळांच्या जमिनींबद्दल प्रतिदावा देतांना हें ध्यानांत ठेवून, कुळाचे कागद आधींपासून जुळवून ठेवावे.

निकालापर्यंत न जातां तडजोड होण्याचा संभव असेल तरीहि प्रतिदाव्याचा उपयोग आहे. वादीच्या दाव्यांत फक्त मनाईचा प्रश्न असला व तडजोडींत सहा गुंठे परत द्यावयाचे ठरलें, तर ते सहा गुंठे दाव्याचा विषय आहेत कीं नाहींत असा वाद पुढें निघूं शकतो. आणि दाव्याच्या विषयाबाहेरची स्थावर मिळकत तडजोडीच्या हुकूमनाम्यांत आली तर नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणें तो नोंदवून घ्यावा लागतो. प्रतिदाव्यांत ते गुंठे वर्णनासह आलेले असले म्हणजे ते दाव्याचाच विषय होतात. तडजोड लोकअदालतींत झाली तर तिच्यावर अपील नाहीं, व भरलेली कोर्ट फी परत मिळण्याची तरतूद आहे. हुकूमनामा झाल्यावर त्याची सही-शिक्क्याची नक्कल घेऊन तीन महिन्यांचे आंत तलाठ्याकडे वर्दी द्यावी व तिची पोंच मागून घ्यावी. कोर्ट आपला निकाल परस्पर चावडीकडे धाडील आणि सातबारा आपोआप बदलेल अशा समजुतींत राहूं नये, आणि जुन्या नोंदीवर शेजारी मधल्या काळांत कर्ज काढून बसला तर तो बोजा उतरविण्यास आणखी एक प्रकरण करावें लागतें.